कोरडी वीट

रेखाचा फोन सकाळी आला. "ताई, आई गेल्या... हाक मारली, तर उठल्याच न्हाईत." रेखा म्हणजे माझ्या मावसभावाची, विकासची बायको. सांगलीहून उंब्रजला जाताना मावशीचा चेहरा काही डोळ्यांपुढे येईना, सारखं ते घरच येत होतं. लाल विटांचं, बिनगिलाव्याचं, भरदुपारी आत दिवा लावावा लागणारं. मला त्या घराचा आजही राग येतो.

ते बांधलं एका वीटभट्टीवाल्यानं. आपली वीट लोकांना दिसावी म्हणून त्यानं गिलावा केलाच नाही, आणि दार ठेवलं दक्षिणेला, उसाच्या रानाकडे. पुढं त्याचा एकुलता मुलगा विहिरीत बुडाला आणि खापर फुटलं त्या दारावर. मग घर घेतलं एका गुळाच्या व्यापाऱ्यानं. त्यानं आधी ते दार विटांनी चिणलं आणि पश्चिमेला नवं पाडलं. त्याला लकवा झाला. त्याच्याकडून घेतलं आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, फौजेतून सुभेदार होऊन आल्यावर. त्यांनी पश्चिमेचं बुजवून उत्तरेला, हायवेकडे दार काढलं. पूर्वेला शेजाऱ्याची भिंत होती, नाहीतर तिथंही कुणीतरी हात धुऊन घेतले असते. घर घ्यायचं आणि आधीच्याचं दार बुजवायचं, अशी तिथली रीतच होऊन बसली.

काका गेल्यावर हायवे उंच झाला. दारासमोर माणूस जेमतेम जाईल एवढी जागा सोडून काँक्रीटची भिंत उभी राहिली. मावशी दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसायची. मी गेले की भांडायचे, "दक्षिणेचं दार उघड की! चौकट अजून शाबूत आहे."

"न्हाई गं बाई. त्या दारापायी पयल्या मालकाचं एकुलतं पोर गेलं. माझाबी एकच हाय, आन् त्यो बॉर्डरवर."

"विहिरीला कठडा नव्हता म्हणून गेलं ते पोर, मावशी."

"आसंल. पर माझा जीव ऱ्हाईल का थाऱ्यावर?"

पण तिनं आपल्यापुरती सोय केली होती. चिणलेल्या दारातली एक वीट तिनं मोकळी केली होती. दुपारी ती काढून मांडीवर घ्यायची आणि त्या भोकातून ऊस, पाणंद, येणारी-जाणारी माणसं बघत बसायची. "ह्या अंगाला आपलं कुंडल," म्हणायची. कुंडल तिचं माहेर. विकासचा फोन वाजला की वीट आधी जागेवर, मग हॅलो. जसं काही त्याला तिकडून दिसणार होतं! मला हसू यायचं.

विकाससाठी मावशीला थांबवून ठेवलं होतं; दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुट्टी घेऊन पोचला. तिरडी उत्तरेच्या दारातून निघेना, समोरच्या भिंतीला अडायची. लोक तिरकी करायला लागले तसा तो ओरडला, "आईला वाकडी करू नगा रं!" कुणीतरी पहार आणली. चिणलेलं दार फोडलं आणि घरात भसकन उजेड आला, इतका की रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. मावशी त्या दारातून गेली... धडधाकट मुलाच्या खांद्यावरून.

दहावा झाल्यावर विकासनं गवंडी बोलावला. मी पुन्हा भांडले. तो मान खाली घालून म्हणाला, "मयत गेलंय त्यातनं, ताई. मला ड्यूटीवर जायाचंय. रेखा हितं एकटी." दार सिमेंटनं बंद झालं.

परवा मी गेले होते. दुपारीसुद्धा दिवा लागलेला. रेखानं चहा दिला, आणि मावशीच्या जागेवर बसून भिंतीतली एक वीट अलगद बाहेर काढली. मावशीचीच, हाताळून कड गुळगुळीत झालेली.

"गवंडी जेवाय गेलावता, तवा ही कोरडीच बसवली," ती म्हणाली.

वीट मांडीवर घेऊन ती बाहेर बघत राहिली. मीही शेजारी बसले. ऊस तुऱ्यावर आला होता. तेवढ्यात विकासचा फोन वाजला. रेखानं आधी वीट बसवली, मग फोन उचलला.