कासव का थांबलं?

“कासव थांबलं. पण का?” हेडफोन उतरवत सुलभा कानडे यांनी विचारलं.

माझ्या कागदावरच्या ओळी अशा होत्या: ‘मुलगी तांब्या घेऊन धावते. कासव वेशीशी पोचतं. कासव थांबतं.’ कारण लिहिलेलं नव्हतं. मी ते दृश्य पुन्हा पाहिलं, मग अगदी सावकाश चालवून पाहिलं. सहा वेळा पाहूनही कारण दिसलं नाही. सुलभाताई म्हणाल्या, “तुमचं बघून होऊ द्या, मी चहा घेऊन येते.” त्यांना न्यायला त्यांचे यजमान येऊन बाहेर बसले होते. दोघं खाली टपरीवर गेले.

ही गोष्ट पुण्याच्या एरंडवण्यातल्या एका छोट्या साउंड स्टुडिओतली. माझं काम ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिण्याचं. दृष्टिहीन प्रेक्षक चित्रपटाला येतात, तेव्हा त्यांच्या कानात एक वेगळा आवाज चालू असतो. दोन संवादांच्या मधल्या जागेत तो पडद्यावर काय घडतंय ते सांगतो. जागा दोन सेकंदांची असेल तर पाच-सहा शब्द बसतात. नियम एकच: दिसतं तेच लिहायचं. त्याआधी एकोणीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासत होते, त्यामुळे शब्द कापायची सवय होती.

सुलभाताई खडकीतल्या एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. माझा प्रत्येक मसुदा आधी त्या ऐकतात आणि काय कळलं नाही ते सांगतात. बोलणं लागट, पण हजेरी वेळेवर.

चित्रपट मराठी, फँटसी, आणि दुसरा भाग. देवळासमोरचं दगडी कासव जिवंत होतं, ही पहिल्या भागाची कल्पना. दुसऱ्यात ते रागाने तापतं आणि गावावर चालून येतं. दिग्दर्शक नचिकेत, वय छत्तीस. पहिला भाग पडला होता. काय चाललंय तेच कळत नाही, ही प्रेक्षकांची तक्रार होती आणि समीक्षकांचीही. निर्मात्याने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, हाही कळला नाही तर पुढचा चित्रपट दुसऱ्या कोणाबरोबर. दोन दिवसांनी पिक्चर लॉक होतं. लॉक झाल्यावर एकाही शॉटची लांबी बदलत नाही. एरवी माझं काम लॉकनंतर सुरू होतं. या वेळी प्रदर्शन जवळ आलं होतं म्हणून कच्ची प्रत आधी मिळाली होती.

नचिकेत वरच्याच मजल्यावर एडिटिंगला बसला होता. फोन केल्यावर खाली आला.

“ताई, ती त्याच्या पाठीवरच्या भेगेत पाणी ओतते. कासव गार होतं, म्हणून थांबतं.”

“ओतताना दिसत नाही.”

“शॉट होता. स्पीडसाठी काढला. तांब्या दिसतो ना, लोक समजून घेतील.”

“मला नाही समजलं.”

“मग तुम्ही लिहून टाका. स्क्रिप्ट आहे तुमच्याकडे. मागच्या वेळी लिहिलं ते सगळ्यांना कळलंच होतं की!”

लिहिलं होतं, हे खरं. पहिल्या भागात कासव जागं होतं, तिथे ‘समईची ज्योत कासवाच्या डोळ्याला लागते’ अशी माझी ओळ होती. पडद्यावर नुसता अंधार, धूर आणि किंचाळणारा पुजारी. मला समजेना, म्हणून मी पटकथा उघडली आणि कारण तिथून उचललं. जुनी फाइल काढून पाहिली तर अशा आणखी चार ओळी निघाल्या. ही डेस्कवरची सवय. बातमीदाराच्या कॉपीत भोक दिसलं की फोन करून ते बुजवायचं आणि वाचकाला कळू द्यायचं नाही. तिथे ते माझं काम होतं. इथे ती चूक होती.

तिचा परिणाम नचिकेतवर झाला होता. दृष्टिहीनांसाठी पहिल्या भागाचा खास खेळ झाला, तेव्हा गोष्ट अगदी स्वच्छ कळली असं तिथे सगळ्यांनी सांगितलं. नचिकेतने ते मनात धरलं. न बघता कळतं आणि बघून कळत नाही, म्हणजे दोष बघणाऱ्यांचा, असं तो म्हणायचा. दुसरा भागही त्याने त्याच भरवशावर कापला होता.

मी त्याला त्या पाच ओळी दाखवल्या आणि त्यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही, हे सांगितलं.

“एका ओळीने काय फरक पडतो, ताई?”

तेवढ्यात कानडे पतिपत्नी परत आले. मी दोघांना स्टुडिओत बसवलं. सुलभाताईंच्या हेडफोनमध्ये मी माइकवरून मुद्दाम नचिकेतला हवी होती तीच ओळ वाचली: ‘मुलगी कासवाच्या पाठीवर पाणी ओतते.’ कानडेकाकांनी नुसता चित्रपट पाहिला. दृश्य संपल्यावर नचिकेतनेच विचारलं, “काका, कासव का थांबलं?”

“दमलं असेल,” काका म्हणाले. “केवढं चाललंय बिचारं.”

“दमेल कशाला?” सुलभाताई म्हणाल्या. “अहो, तिने पाठीवर पाणी ओतलं ना!”

“कधी ओतलं?”

“तुमच्यासमोर. झोपला होतात का?”

“डोळे उघडे होते माझे.”

“उपयोग काय झाला?”

मी हसले. नचिकेत हसला नाही. त्याने दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. काका पुढे सरकून बसले आणि शेवटी ठामपणे म्हणाले, “नाही हो, यात पाणी नाहीये.”

नचिकेत खुर्ची ओढून काकांशेजारी बसला.

“सगळा चित्रपट दाखवतो. कुठे कुठे कळलं नाही ते सांगाल?”

“सगळं सांगू? नंतर राग नाही ना यायचा?”

“येईल. तरी सांगा.”

काकांनी अकरा जागा काढल्या. त्यातल्या आठ ठिकाणी माझ्या मसुद्यातही कारणाची जागा कोरी होती. ही यादी घेऊन आम्ही वर गेलो, तेव्हा एडिटर म्हणाला, “आता कट डिस्क्रिप्शनवाले ठरवणार का?”

“आजच्या दिवस,” नचिकेत म्हणाला.

निर्मात्याने कुरकुरत लॉक एक दिवस पुढे ढकललं. काढलेल्या शॉट्सपैकी नऊ परत आले. पाण्याचा शॉट तीन सेकंदांचा होता. तेवढ्यापुरतं पार्श्वसंगीत खाली घेतलं, आणि तापल्या दगडावर पाणी पडल्याचा चर्र आवाज मोकळा ऐकू येऊ लागला. सुलभाताईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, “इथे तुम्ही बोलू नका.” मी ती ओळ काढून टाकली.

दुसरा भाग चालला. पहिल्यापेक्षा याची पटकथा पक्की आहे, असं बहुतेक परीक्षणांत आलं. खरं तर पटकथा दोन्ही वेळा पक्की होती. फरक एवढाच की या वेळी ती पडद्यावर पोचली. नचिकेत तिसरा भाग लिहितो आहे. मी यातून घेतलेला धडा साधा आहे: दुसऱ्याच्या कामातलं भोक गुपचूप बुजवलं, तर ते त्याला कधीच दिसत नाही.

पहिल्या भागाच्या डिस्क्रिप्शनमधल्या त्या पाच ओळी नियमाप्रमाणे काढायला हव्यात. मी सुलभाताईंना तसं सांगितलं.

“मुळीच काढू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्हा डोळसांना कळला नाही, त्याची शिक्षा आम्हाला कशाला? आम्हाला तर पहिलाच जास्त आवडला.”

ओळी अजून तशाच आहेत.