नव्या डिस्कवरची हळद

पांढुर्ण्याच्या बाजारातला तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस फार कमी बोलतो. मशीन उघडण्याआधी साबणाने हात धुतो. मध्येच कोणी काही विचारलं, तर "होऊन राहिलं," एवढंच म्हणतो.

रामाकोना गावातल्या म्हाताऱ्या बायांची लग्नातली गाणी मी कित्येक वर्षं रेकॉर्ड करते आहे. माझ्या कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली, म्हणून परवा तो आणि नवी मोठी डिस्क घेऊन त्याच्याकडे गेले. सिस्टीमसकट सगळं नवीवर न्यायचं होतं. गाण्यांची दुसरी कॉपी नव्हती. मी जीव मुठीत धरून बसले होते.

तीन तासांनी मशीन नव्या डिस्कवर सुरू झालं.

"समदं आलं का, पाहून घेतो," म्हणत त्याने एकेक गाणं लावलं. हळदीच्या एका गाण्यापाशी तो थबकला.

"मॅडम, हे तर अर्धंच हाय."

"त्या आजींना पुढचं आठवलंच नाही."

"मले येते ना! माय म्हणे माही."

त्याने मशीनला जोडलेला माइक ओढला, डोळे मिटले आणि भर दुकानात उरलेली चारही कडवी खुल्या गळ्याने म्हटली. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवू लागली, तेव्हा कुठे तो लाजला.

मी ते सगळं रेकॉर्ड केलं होतं.