अक्काचं पाचवं वरीस

माझी मोठी बहीण, आमची अक्का, साठीच्या पुढची. तिचा नातू मोठ्या दुखण्यातून उठला तेव्हा तिनं नवस बोलला होता: पाच वर्षं कार्तिकी पौर्णिमेला अहमदपूरच्या पदयात्रेबरोबर कपिलधारच्या समाधीला पायी जाईन. वाटेत गाडीत बसणार नाही, विकतचं खाणार नाही, लोक देतील ते खाईन. चार वर्षं तिनं निभावली. पाचव्या वर्षी उजवा गुडघा रुसला. सोबत कुणीतरी हवं असं घरात ठरलं, आणि कोण नसलं तर किराणा दुकान अडणार नाही याचा विचार सुरू होताच सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

निघताना बायकोनं खिशात शंभराच्या दोन नोटा घातल्या.

"एवढ्यात आठ दिवस काढायचे?"

"विकतचं खायचं न्हाई म्हणल्यावर पैशाचं लोणचं घालता का?"

उपासमार होईल अशी मला मनापासून भीती होती. पण आमच्या पदयात्रेला वाटेवरची गावं अशी काही खाऊ घालतात की विचारू नका. वेशीवर पोहे, पुढच्या वस्तीवर शिरा, देवळात भाकरी-पिठलं, त्यावर केळी. "घ्या हो मालक, तेवढीच आमच्या हातून सेवा." संध्याकाळी किनगावच्या मुक्कामाला पोचेपर्यंत मी लेंग्याची नाडी दोनदा सैल केली होती.

घोळ दुसऱ्या सकाळी झाला. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं. आंघोळ झाली की ते तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला भस्म लावायचं, मगच तोंडात घोट. आणि गळ्यात लिंग नसेल तर पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी थंडी मरणाची, नळावर मागं रांग, त्यात दोरा कुजलेला. म्हणून मी लिंग डबीत घालून पिशवीत ठेवलं. म्हटलं, कपडे घालून नवा दोरा ओवू, निवांत पूजा करू. तेवढ्यात यात्रेच्या सामानाचा टेम्पो पुढच्या मुक्कामाला सुटला. कुणीतरी उत्साहानं माझीही पिशवी त्यात भिरकावली. शर्टाच्या गुंड्या लावून बघतो तर टेम्पो दिसेनासा झालेला.

मी कुणाला बोललो नाही. पन्नाशीचा माणूस, काय तोंडानं सांगणार? पहिल्या गावी पोहे नको म्हणालो. दुसऱ्या गावी उप्पीट आणि जिलबी. तीही नको म्हणालो, आणि तिथंच सापडलो.

"जिलबी नको?" अक्कानं माझ्या कपाळाला हात लावला. "ताप हाय का रं?"

सांगावं लागलं. अक्कानं हातातली प्लेट खाली ठेवली.

"मग मी बी न्हाई खात."

"अगं, तुझं लिंग तुझ्या गळ्यात हाय. तू खा की!"

"भाऊ उपाशी चालून राहिला अन् म्या जिलब्या हाणू? चल पुढं."

तिनं पहाटेच शुगरची गोळी घेतली होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं ते अकराच्या सुमारास, रस्त्याकडेच्या बाभळीखाली ती मटकन बसली तेव्हा. हात थरथरत होते, ओठ पांढरे. यात्रेमागं चालणारी जीप थांबली. पोरं म्हणाली, "आजी, बसा. मुक्कामाला उतरा." मी त्यांच्याकडून साखर मागून सरळ तिच्यापुढं केली.

"न्हाई," अक्का म्हणाली. "तू उपाशी तवर साखर बी न्हाई, अन् जीप बी न्हाई. चार वर्षाचं पाणी करू व्हय?"

मीही दुकानात सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं, एक पाऊल गाडीवर टाकणार नाही. ती छाती तिथंच बाभळीखाली ठेवली, जीपच्या पोरांना अक्कापाशी थांबवलं आणि शेताकडं निघालेल्या एका शेतकऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो.

"जोरात घ्या मालक."

"हाव. धरा घट्ट."

टेम्पो मुक्कामाच्या गावी शाळेपुढं उभा होता. आत साठेक पिशव्या, सगळ्या एकाच खतवाल्यानं फुकट वाटलेल्या, सगळ्या पिवळ्या. पहिल्या पिशवीत कुणाच्या तरी बंड्या, दुसरीत कवळी, तिसरीत चोरून आणलेला फरसाण. आठव्या पिशवीत माझी डबी सापडली.

त्याच मोटारसायकलवर परत आलो तेव्हा अक्का डोळे मिटून पडली होती. तिथंच मातीत मांडी घातली, हात धुतले, पूजा केली. नवा दोरा ओवून लिंग गळ्यात बांधलं. शेतकऱ्यानं आपली भाकरी सोडली, वर मिरचीचा ठेचा.

"आता तरी खा, अक्का."

"आधी तू."

मी घास घेतला. मग तिनं घेतला. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर तिच्या तोंडावर रंग आला, आणि रंगाबरोबर जीभही. "बैल तरी आपली घुंगरं इसरत न्हाई," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ती उठली. यात्रा कधीच पुढं गेली होती. आम्ही दोघं, शेपटाच्याही मागं, एकमेकांना धरून दिवस मावळता मुक्कामाला पोचलो.

तिथं एका म्हाताऱ्यानं मला घेरलं. "तुमची यात्रा मोडली हो, गाडीवर बसलात." मी समजावलं: गाडीनं पुढं गेलो, गाडीनंच मागं आलो, मग तेवढंच अंतर पायी तुडवलं. चुकलं कुठं? म्हाताऱ्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं.

कपिलधारच्या पायऱ्या अक्का बसून, एकेक करून उतरली. मी हात दिला, तिनं झटकला. खाली समाधीवर डोकं टेकवून बराच वेळ तशीच राहिली. वर आल्यावर म्हणाली, "झालं बाबा. आता यष्टी बघ. माझ्यानं एक पाऊल टाकवंना."

यष्टीत शेजारच्या बाईनं विचारलं, "एकट्याच चालत आलात का, मावशी?"

"छ्या! भाऊ होता ना सोबत," अक्का म्हणाली. "त्याच्यामुळंच झालं बघा माझं पाचवं वरीस."

बाईनं माझ्याकडं लई आदरानं पाहिलं. मी अंमळ ताठ बसलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.