दादाच्या होडीला मी मारलेली गाठ

आमचा थोरला भाऊ नेव्हीतून रिटायर होऊन राजारामपुरीत राहायला आला, तो शिडाची एक जुनी होडी घेऊनच. "दादा, हितं समुद्र कुठाय?" म्हटलं तर म्हणाला, "धरान हाय की!"

पुढं त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. होडीच्या पुढच्या शिडाला दोन बाजूंना दोन दोर. वळताना एक सोडायचा, दुसरा खेचायचा, वर सुकाणू धरायचं. एका हातानं कसं जमणार? म्हणून त्यानं ते शीड लहान करून घेतलं आणि डोलकाठीपुढं आडवी पट्टी बसवून घेतली. पट्टीवर सरकती कप्पी, कप्पीत एकच दोर. होडी वळली की शीड वाऱ्यानं आपोआप पलीकडं जातं, मागोमाग कप्पी. हात लावायलाच नको. एकदा तरी एकट्यानं फेरी मारून यायची, एवढाच त्याचा ध्यास.

धरणाच्या काठावर जोडणी मी केली. मी मुरगूडला शेती करणारा, उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात हयात गेली माझी. दोर हलला की ट्रॉली पलटी, हे डोक्यात पक्कं. दादानं सगळं तपासलं, "झ्याक!" म्हणाला आणि मागं सुकाणूपाशी जाऊन बसला. होडी ढकलायच्या आधी मला दिसलं, कप्पी खडखडतेय. आयला, ही निसटली तर? दादाचाच चाकू घेऊन नायलॉनची दोरी कापली आणि कप्पी, दोर, पट्टी सगळं एकत्र आवळून ट्रॉलीची गाठ मारली. शहाणपणा माझा, दुसरं काय!

जाताना होडी झकास गेली. मधे जाऊन दादानं ती वळवली. शीड पलीकडं जाईना, उलटंच फुगलं. होडी आडवी होऊन वाऱ्याबरोबर निघाली. दादा सरपटत पुढं गेला. डाव्या हातानं गाठ ओढू लागला, मग दातानं. मला पोहता येत नाही. मी काठावर नुसता बोंबलत होतो, "चाकूनं काप, दादा!" आणि खिशात हात घातला, तर चाकू माझ्याच खिशात.

होडी पलीकडच्या चिखलात रुतली. मी पाण्याला वळसा घालून धावत पोचलो, तेव्हा त्याचे ओठ फाटले होते.

"दादा, चूक माझी हाय. ती गाठ दोन हातांच्या गड्यालाबी सुटत न्हाय."

"गाठीचं काय घिऊन बसलास? मला सुटली न्हाय, संपलं."

शंभरदा सांगितलं त्याला. उपयोग शून्य. तोवर तो डाव्या हातानं जेवायचा, सांडत का होईना. त्या दिवसापासून वहिनी घास भरवायची, दादा तोंड उघडायचा आणि मी समोर बसून बघायचो.