हैदर सरांचा आकडा

उस्मानपुऱ्यात कुणालाही हैदर सरांचं घर विचारा, माणूस आधी तुमच्या तोंडाकडं बघायचा आणि मग म्हणायचा, "पोराचं का पोरीचं?" कारण त्या घरी जाणाऱ्याचं काम एकच असायचं. बारावीनंतर थेट मॅनेजमेंटला घेणाऱ्या त्या नामांकित संस्था आहेत ना, जिथं हजारो पोरं परीक्षेला बसतात आणि मूठभर आत जातात, तिथं आपल्या लेकराचा नंबर लागेल का, हे विचारायला लोक सरांकडं यायचे. आणि सर सांगायचे. दहापैकी आकडा. "सात आहे, बसवा." "तीन आहे, पोराची झोप वाचवा." बस्स. गोड बोलणं नाही, आडपडदा नाही.

कॉलेजात गणित शिकवून केस पांढरे केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर क्लासवाले हात धुऊन मागं लागले होते, पण सरांनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, शिकवून झालं, आता फक्त तोलणार. शिकवलं की माया लागते आणि माया लागली की आकडा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पैसा मात्र कुणाकडून घेतला नाही. पोराला समोर बसवायचं, चार गणितं घालायची, इंग्रजीचा एक उतारा वाचायला लावायचा, मग खोटीखोटी मुलाखत घ्यायची आणि आकडा त्याच्या तोंडावर सांगून टाकायचा. त्यांची बायको जमिला याला फार वैतागायची. कारण रडत जिना उतरणारी पोरं तिला खिडकीतून दिसायची.

"अजी, डॉक्टर भी इत्ता मुँह पे नहीं बोलता!"

"डॉक्टर फीस लेता है. मैं लेता हूँ क्या?" सर म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

तर अशा या माणसाकडं दिवाळीनंतर एक दिवस सूर्यभान आला. शेंद्र्याजवळच्या गावातला, मेंढरांच्या घरातला. कळप आता भावाकडं होता, थोडी मेंढरं तेवढी याच्या दारात. हा स्वतः एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. सोबत मुलगी, अक्षदा. बारावी कॉमर्स. तिच्या कॉलेजातल्या मेघा मॅडमनी या परीक्षेचं तिच्या डोक्यात घातलं होतं, आणि पत्ताही त्यांनीच दिला होता.

सूर्यभाननं खुर्चीच्या कडेवर बसत सरळ विषय काढला. "सर, आमच्या कंपनीचे साहेब म्हणलेत, बारावीचे पेपर झाले की पोरीला लगीच कामाला लाव, पुढं परमनंट करू. असं कोण कुणाला म्हणतंय का? पर हिला ही परीक्षा द्यायचीय. तिचा अभ्यास करायचा तर उन्हाळा जातोय, अन् कंपनी काय थांबायची नाय. तवा तुम्हीच सांगा. पाचाच्या खाली असंल तर कंपनी. पाच असले तर परीक्षा."

म्हणजे बघा, त्या एका आकड्यावर पोरीचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं.

सरांनी अक्षदाला समोर घेतलं. गणितं तिनं बरोबर सोडवली, पण सावकाश. इंग्रजी अडखळत का होईना, वाचलं आणि समजलंही. सर मनात पाचाच्या आसपास पोचले होते. मग मुलाखत सुरू झाली.

"मला वाटतं मुलींनी धंद्याच्या भानगडीत पडू नये. तुला काय वाटतं?"

"व्हय सर."

"मग तू मॅनेजमेंट शिकू नयेस?"

"व्हय सर."

सरांनी भुवया चढवल्या. "बरं. मी ऐकलंय, मेंढ्यांची लोकर ऐन थंडीत कातरावी. कडाक्याची थंडी पडली की."

सूर्यभान खुर्चीत चुळबुळला. मेंढरांत वाढलेली पोर ती, थंडीत लोकर काढली तर मेंढरू गारठतं हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक. पण खाली मान घालून म्हणाली, "व्हय सर."

झालं! मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे या घरानं तिला चालायच्या आधी शिकवलं होतं. आणि त्या संस्थेत तर मुलाखत घेणारी माणसं मुद्दाम उलटसुलट बोलून पोराचा कणा बघतात. सरांच्या मनातला आकडा घसरत दोनवर येऊन थांबला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूर्यभाननं हात वर केला.

"थांबा सर. मोठ्यानं नका बोलू."

"का?"

"बाजारात भाव मोठ्यानं बोलला की तोच त्या जनावराला चिकटतोय. मग दुसरं गिऱ्हाईक वर जातच नाय. पोरीला चिकटाया नको." असं म्हणून त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःचा हात त्याखाली घातला आणि सरांपुढं केला. "माझी जेवढी बोटं धराल तेवढा तुमचा आकडा."

जनावरांच्या बाजारात असा सौदा होतो हे सरांनी ऐकलं होतं. गंमत वाटून त्यांनीही उपरण्याखाली हात घातला आणि सूर्यभानची दोन बोटं धरली.

सूर्यभानचा चेहरा जराही हलला नाही. त्यानं आपली बोटं सोडवून घेतली, सरांचा अख्खा पंजा धरून दाबला, मग वर आणखी तीन बोटं धरली. आठ.

अहो, हा गडी तर भाव करत होता! सर हसले, मान हलवली, आणि तीन बोटं धरली. तिकडून सात आले. सर चारवर गेले. तिकडून सहा. पहिला भाव कुणी शेवटचा धरतं का, असा सूर्यभानचा साधा हिशेब, आणि सर आपले खेळ समजून पुढं जात राहिले. पण खरं सांगायचं तर नुसता खेळ नव्हता तो. तो खरबरीत हात आर्जव करत नव्हता, गयावया करत नव्हता, नुसता घट्ट धरून वाट बघत होता, आणि हैदर सरांना त्या हाताची भीड पडली. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी सूर्यभानचा पाच बोटांचा पंजा धरला.

"झालं!" सूर्यभाननं उपरणं झटकलं आणि उठला. "चल अक्षे."

"अहो, ऐका, शक्यता अशी भाव करून वाढत नसते..." सर म्हणत होते, पण बापलेक जिना उतरलेसुद्धा.

उद्या फोन करून नीट समजावू, असं सरांनी ठरवलं. तर दुसऱ्या दिवशी सूर्यभानचाच फोन आला. आवाज असा खुशीतला! "सर, साहेबांना नाय सांगून टाकलं बघा. दुसऱ्या पोरीला घ्या म्हणलं. तुमच्या शब्दाच्या पुढं कंपनी काय करायचीय?"

सर फोन हातात धरून तसेच बसून राहिले. जमिलानं काय झालं ते विचारून घेतलं. आधी ती पदर तोंडाला लावून हसली, मग हसायची थांबली.

"अब निभाओ," ती म्हणाली.

आणि ज्या माणसानं आता शिकवणार नाही म्हणून क्लासवाल्यांना दारात उभं केलं नव्हतं, त्यानं त्याच संध्याकाळी अक्षदाला निरोप धाडला. कॉलेज सुटलं की रोज यायचं.

पोर यायला लागली. जालना रोडवरची ती खचाखच बस, मग पायी उस्मानपुरा. आली की जमिला आधी तिला जेवायला बसवायची आणि सर दारात उभं राहून घड्याळ बघायचे. शिकवताना सर कडक होते, पण हळूहळू गणितांचा वेग वाढला, इंग्रजीतलं अडखळणं गेलं. एकच गोष्ट जागची हलेना. सर मुद्दाम म्हणायचे, "सात नव्वे एकाहत्तर." अक्षदा कागदावर गुपचूप त्रेसष्ट लिहायची आणि तोंडानं म्हणायची, "व्हय सर."

"अगं, लिहिलंस त्रेसष्ट आणि म्हणतेस व्हय? भांड माझ्याशी!"

"व्हय सर."

जमिलानं एकदा तिच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि विचारलं, कसा झालाय? पोरीनं कप संपवला. "चांगला झालाय चाची." जमिला हसून हसून लोटपोट झाली. सर मात्र चिडून गच्चीवर निघून गेले.

मे महिन्यात लेखी परीक्षा झाली आणि अक्षदा काठावर का होईना, पण त्यातून निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. सूर्यभान तिला रेल्वेनं घेऊन जाणार होता. जायच्या आदल्या दिवशी ती सरांच्या पाया पडायला आली, आणि सरांना राहवेना. एवढे महिने त्यांच्या गळ्यात तो पाचाचा आकडा अडकला होता. ज्याच्या जोरावर या घरानं हातातलं काम सोडलं, तो आकडा खरा नव्हता, हे त्या पोरीला कळायला नको?

"अक्षदा, मी तुझ्या आबांना पाच सांगितलं होतं. ते खोटं होतं. माझ्या मनात दोन होता. आणि आजही तू मुलाखतीत अशीच बसणार असशील तर तो दोनच आहे."

अक्षदाचा चेहरा उतरला. ती फरशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय सर."

"अगं, म्हण ना मला, सर तुम्ही चुकताय! म्हण, मी दोनवाली नाही!" सरांचा आवाज चढला, आणि पुढं तो फुटलाच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते शब्द काही आले नाहीत. ती गेली. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही, आणि जमिलानंही आग्रह केला नाही.

ती परत आल्यावर सरांनी विचारलं, कसं झालं?

"दोन प्रश्न आले नाहीत. मी येत नाही म्हणाले."

"आणि बाकी?"

"बाकी बोलले मी सर."

सरांनी कपाळाला हात लावला आणि पुढं विचारायचं धाडस केलं नाही. त्या दिवसांत दुसरे कुणी पालक आले तरी त्यांना आकडा सुचेना. पोराकडं बघत बसायचे आणि म्हणायचे, पुढच्या आठवड्यात या.

निकालाच्या दिवशी सरांना घरात बसवेना. रिक्षा करून ते थेट शेंद्र्याला गेले. सूर्यभानची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून तो घरीच, दारातल्या मेंढरांना पाला टाकत होता. अक्षदा मोबाईल घेऊन नेटवर्क शोधत अंगणभर हिंडत होती. हिंडता हिंडता थांबली. वाचलं. परत वाचलं.

"सर, लागला नंबर."

हैदर सरांनी आनंदानं जी आरोळी ठोकली, ती ऐकून मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाली. त्यांनी सूर्यभानला मिठी मारली, सूर्यभाननं शेजाऱ्यांना हाका मारल्या. कुणी साखर आणली. लोक आले, पोरीच्या पाठीवर हात ठेवून गेले. मग गर्दी पांगली, अक्षदा चहा टाकायला आत गेली, आणि दोघं ओट्यावर टेकले.

"किती दिसाचं शिक्षण हाय सर?" सूर्यभाननं विचारलं.

"पाच वर्षं."

"अन् ऱ्हायचं?"

"तिथंच, होस्टेलला. सणासुदीला येईल."

मुलाखतीला जाताना रेल्वे किती लांब पळते ते सूर्यभाननं बघितलं होतं, पण ते जाऊन परत यायचं होतं. नंबर लागेल का, एवढंच तो इतके महिने विचारत आला होता. लागला म्हणजे पोर घरातून जाणार, हे त्यानं मनात धरलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. आणि हैदर सर? दहापैकी आकडा सांगणाऱ्या या माणसानंही ते कुठं धरलं होतं? आता दुपारी जिन्यावर तिची चप्पल वाजणार नव्हती. जमिला सवयीनं पीठ जास्त मळणार आणि मग गप्प होणार. सरांना एकदम आतून रिकामं वाटलं.

"सर," सूर्यभान हळूच म्हणाला, "आपल्या इथल्या कॉलेजात बी मॅनेजमेंट असतंय ना? नंबर लागला, समद्यांना कळलं. बास की. इथंच शिकली तर?"

नाही म्हणायला हवं होतं. सरांना ते पक्कं माहीत होतं. पण लाज वाटावी अशी गोष्ट झाली. त्यांनी मान डोलावली.

अक्षदा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सूर्यभाननं विचारलंच. "अक्षे, इथंच शिकलीस तर? बसनं जायचं, बसनं यायचं. सर बी व्हय म्हणतेत."

तिनं बापाकडं बघितलं. मग सरांकडं. सरांना तिच्याकडं बघवेना. या पोरीनं आजवर दोघांपैकी कुणाचा शब्द मोडला नव्हता. आता ती नेहमीसारखी व्हय म्हणेल या भीतीनं त्यांचा जीव वर आला, आणि म्हणेल तर बरं होईल, असंही त्याच जिवाला वाटत होतं.

अक्षदानं चहाचे कप खाली ठेवले.

"नाय आबा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान वर होती. "नाय सर. तुम्ही दोघंबी चुकताय. मी जाणार हाय."

हैदर सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. महिनोन्‌महिने जो शब्द ऐकायला त्यांनी जीव टाकला होता, तो असा त्यांना स्वतःच्याच चुकीवर ऐकायचा होता तर!

सूर्यभाननं तोंडावरून हात फिरवला आणि चहा उचलला.

"कधी निघायचं मग?" त्यानं विचारलं.