कोणत्या लिफ्टला कोण जाणार

लिफ्ट बंद पडली की लोक देवाच्या आधी मावशींना फोन लावत. दुरुस्तीच्या कंपनीत त्या फोनवर बसायच्या आणि कोणत्या लिफ्टला कोणता मेकॅनिक धाडायचा ते ठरवायच्या. सुट्टी मागितली की मालक म्हणायचे, "तुम्ही नसलात की आमचे हाल कुत्रं खात नाही हो!" कौतुकच ते, पण असलं कौतुक काय चाटायचंय?

लेकीच्या पहिल्या बाळंतपणात ती तिकडे कळा सोसत होती आणि मावशी इकडे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला "घाबरू नका" सांगत होत्या. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते. मावशींनी मालकांना तोंडावर सांगितलं, "माझ्या डोक्यातलं सगळं संगणकात घाला. या खेपेला मी जाणार म्हणजे जाणार!"

मालकांनी प्रोग्रामर आणला. टक्कल पडलेला, कमी बोलणारा, पण कामाला वाघ. प्रश्न विचारणारा भाग त्याने वेगळा केला, माणूस निवडणारा वेगळा. म्हणजे उद्या मालकांच्या पंपदुरुस्तीच्या धंद्यालाही तेच भाग जोडता येतील. मावशी सांगत गेल्या. दार अडकतंय? मग आधी विचारायचं, इमारतीत रंगकाम चालू आहे का. असेल तर दाराच्या खाचेत भुगा साचलेला असतो, ब्रश घेऊन कोणीही गेलं तरी चालतं. आणि मेकॅनिकांपैकी दोघे साडू आहेत, त्यांना एका कामावर पाठवायचं नाही.

"कारण काय लिहू?"

"लिहा, एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

त्याने न हसता तसंच लिहिलं.

चाचणी सुरू झाली. संगणक माणसं नेमायचा, मावशी शेजारी बसून बघायच्या. सगळं कसं बिनबोभाट! मालक खूश. प्रोग्रामरच्या कपाळावर मात्र आठ्या. पहिल्याच फटक्यात इतकं बरोबर येत नसतं, असं त्याचं म्हणणं. एका दुपारी त्याने मावशींना टेबलाखाली मोबाइल धरून कुजबुजताना पकडलं. "संगणक काही का सांगेना, तू नको जाऊस, दुसऱ्याला पाठव."

"ताई! हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मावशी ओशाळल्या. "चुकीचा माणूस जातोय हे दिसत असताना गप्प कशी बसू?"

"तुम्ही चुका झाकताय, मग तो शिकणार कसा? अशाने तुम्ही गाडीत बसाल आणि इथे बोंबाबोंब होईल. परत यावं लागेल तुम्हाला."

मावशींना ते फार लागलं. इतकी वर्षं मालकांच्या नावाने बोटं मोडली, आणि खुर्चीला चिकटून बसलो होतो आपणच!

मोबाइल त्यांनी स्वतःहून प्रोग्रामरच्या खणात टाकला. आता चूक दिसली की मेकॅनिकला नाही, प्रोग्रामरला सांगायचं, कारणासकट. जीव नुसता खालीवर व्हायचा. एकदा नको तोच माणूस गेला, गिऱ्हाईक तणतणलं, मालक लालबुंद होऊन आले. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"आज शिव्या खाऊन घ्या. ही चूक पुन्हा व्हायची नाही."

झालीही नाही. महिनाभर संगणकाने एकट्याने काम निभावलं आणि मावशींनी तिकीट काढलं.

लेकीने पोट सांभाळत दार उघडलं. आईच्या बॅगेकडे बघत तिने विचारलं, "किती दिवस आहेस?"

"तू हाकलेपर्यंत."

लेक हसली नाही. "मागच्या वेळीही येते म्हणाली होतीस," एवढं बोलून ती दारातच रडायला लागली.

मावशींनी बॅग तिथेच टाकली आणि तिला जवळ घेतलं. "आले गं," त्या म्हणाल्या, "या वेळी आले ना."