जहाजाला आसरा लागला तर

माझा नवरा ज्या जहाजासाठी घराबाहेर आहे, ते जहाज अजून बांधलेलंच नाही. हे लोकांना समजावताना माझी पंचाईत होते. पूर्वी बरं होतं. "मिस्टर कुठे असतात?" असं कुणी विचारलं की "जहाजावर, चीफ इंजिनीअर" एवढ्यावर भागायचं. रोह्यात काय, पेणमध्ये काय, घरचा माणूस बाहेर असणं कुणाला नवं नाही. आता मात्र सांगावं लागतं, की ते जमिनीवरच आहेत, एका थंड देशातल्या शहरात, ऑफिसात बसतात, आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या मालवाहू जहाजांसाठी सुरक्षेचे नियम नव्याने लिहिणाऱ्या मंडळींना मदत करतात.

"अशी जहाजं असतात?" हा पुढचा प्रश्न.

जवळजवळ नसतात. फार पूर्वी मोजकी झाली, बहुतेक मोडीत निघाली. त्या काळी जे नियम लिहिले ते एकाच धर्तीच्या अणुभट्टीसाठी. आता निराळ्या भट्ट्या येऊ घातल्यात, त्यांना ते अंगरखे बसत नाहीत. म्हणून आधी नियम, मग जहाज. इथवर आलं की ऐकणारा पावसापाण्याकडे वळतो. रोह्याजवळ वरसेत, आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक भाभी राहतात, त्यांचे मिस्टर दुबईला. त्या तेवढ्या तोंडावर बोलल्या, "म्हणजे जहाज नाय, तरी नवरा जहाजावर! माझ्या नवऱ्याला निदान दुबई तरी हाय."

माझ्या नवऱ्याची समुद्रावरची वर्षं मी तेलावर काढली. जहाज तेल घ्यायला कुठल्या तरी बंदराशी थांबलं की फोन यायचा. सिंगापूर, फुजैरा, ही गावं माझ्यासाठी नकाशावर नव्हती, फोनच्या आवाजात होती. एकीकडे खरखर, दुसरीकडे पोचपावती द्यावी तसं आमचं बोलणं. मुलगी बरी, पाणी आलं, आईंचा गुडघा तसाच. अणुभट्टीचं जहाज एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं भरावं लागत नाही, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. मी विचारलं, "म्हणजे ते कुठे थांबणारच नाही?" त्यावर ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी स्वतः रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे. परमिट तपासणं, मॉक ड्रिल घेणं, नवीन पोरांना शिकवणं की वायू सुटला तर आधी वारा कुठला आहे ते बघा आणि आडवे पळा. त्यामुळे नवऱ्याच्या कामातलं मला समजतं, आणि तेही कुठलंही कलम आधी मला मराठीत सांगून बघतात. मला कळलं तर त्यांना स्वतःला कळलं, असं त्यांचं गणित. भट्टी बंद केली तरी तिची धग लगेच जात नाही, म्हणून बंद भट्टीलाही गारवा पुरवत राहायला हवा, तेही जहाजाची मुख्य वीज गेलेली असताना. हे मला एका वाक्यात पटलं, आमच्या कंपनीत रसायनांचे रिॲक्टर आहेत, ते असेच हट्टी असतात. जहाज कलंडलं तर काय, बुडालं तर भट्टीभोवतीचा भाग पाण्याच्या दाबाने चेंगरू नये म्हणून काय, याचासुद्धा नियम करतात. बुडाल्यानंतरचा विचार आधी करून ठेवणारी माणसं मला आवडतात. त्यातल्याच एकाशी मी लग्न केलं.

ते वर्षभरासाठी गेले होते. वर्ष सरत आलं तसं तिकडच्या मंडळींनी त्यांना विचारलं, सगळी नियमावली पुरी होईपर्यंत राहाल का. सगळी म्हणजे बरीच वर्षं, कारण तिथे प्रत्येक शब्दावर प्रत्येक देशाला मान डोलवावी लागते. त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा." आमच्या घरात हे वाक्य लग्नापासून चालत आलंय. जाणाऱ्याचा पाय अडकू नये, एवढाच त्याचा अर्थ. ते "बरं" म्हणाले.

त्याच आठवड्यात रविवारी मी सासूबाईंकडे गेले. त्या पेणच्या पुढे, खाडीकाठच्या गावात, धाकट्या दिराकडे राहतात. मेमू गाडीने हमरापूरला उतरायचं, तिथून मिनीडोर रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंगणात रंग न दिलेले पांढरे गणपती रांगेने उभे, डोळे आखायचे राहिलेले. घरी पोचले तर सासूबाई पडवीत सुकटीची डोकी खुडत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तेवढ्यात नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. आईशी दोन शब्द बोलून लगेच कलमावर.

"ऐक. समज, जहाज भर समुद्रात अडचणीत आलंय. भट्टी बंद केलीये, पण गार करत राहायचीये. जवळ तीन देश. साधं जहाज असतं तर कुणीतरी आत घेतलं असतं. याला कोण घेणार? प्रत्येक जण म्हणणार, शेजारी जा. म्हणजे जहाजाला आसरा लाग..."

रेंज गेली. शेवटचं अक्षर खाडीत पडलं.

आता हे इथल्या माणसालाच कळेल. थारा या अर्थाचा आसरा लागला, तर तो पुल्लिंगी. पण आमच्या खाडीकाठी आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीत राहतात, खाडीत राहतात, खारबांधाच्या पाणी सोडायच्या दाराशी, म्हणजे उघाडीशी, डोह असतो तिथे तर हमखास राहतात. कुणी पाण्यावरून आला आणि तापाने फणफणला, किंवा नुसताच शून्यात बघत बसायला लागला, की त्याला आसरा लागली. ला की ली, सगळा फरक तेवढाच, आणि तेवढंच ऐकू आलं नव्हतं.

सासूबाईंचे हात थांबले. "कोनाला लागली गो आसरा?"

"जहाजाला, आये," फोनवर चेहरा परत आला होता.

"कंच्या जहाजाला? तू जहाज सोडलंस ना?"

"सोडलंय. ह्ये अजून बांधलेलं पन नाय."

"बांधलं नाय, आनि आसरा लागली?"

"लागली नाय गो. लागेल, फुडंमागं. म्हनून तर आधीच नियम करून ठेवतोय."

"आसरांना नियम?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आयकलंस काय गो? आता ह्ये गोरे आसरांना नियम घालनार!"

नवरा इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मीही हसले. मग रेंज पूर्णच गेली.

सासूबाई हसल्या नाहीत. सुकटीचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "हसतंय मेला. त्यालाच लागलीय. नायतर बांधलं नाय त्या जहाजापायी कोन घर सोडून बसंल?"



त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उघाडीशी ओटी भरायची. सात जणींना सात खण, हिरव्या बांगड्या, फण्या, नारळ. "तू पेनच्या बाजारातून घेऊन ये. पन ज्याला लागली त्यानं सोता यावं लागतंय. येनारच हाय ना आता तो? वरीस झालं."

मला सांगावंच लागलं, की अजून ठरलं नाही.

"कोनी ठरवायचंय?"

"त्यांनी."

"आनि तू काय बोललीस?"

"म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी तोंडाने च्यक् केलं. मला वाटलं, ओटीचा घोळ वाढायच्या आत गैरसमज मिटवलेला बरा. म्हणून मी सरळ सांगितलं, "आई, तो आसरा वेगळा. आसरा म्हणजे थारा. वाऱ्यात होडीला आडोसा लागतो ना, तसा. जहाज अडचणीत आलं तर कुठलं बंदर आत घेईल, ते बोलत होते ते."

"अस्सं," त्या म्हणाल्या. "आनि नाय घेतलं तर?"

मग मी त्यांना जपानच्या जहाजाचं सांगितलं. मी तान्ही असतानाची गोष्ट, नवऱ्याकडूनच ऐकलेली. नवं कोरं अणुजहाज चाचणीला समुद्रात गेलं आणि भट्टीच्या आवरणातून किरण बाहेर यायला लागले. थोपवायला म्हणे शिजवलेल्या भाताचा लगदासुद्धा वापरून पाहिला. परत आलं तर त्याच्याच बंदरातल्या मच्छीमारांनी त्याला आत येऊ दिलं नाही. किती तरी दिवस ते बाहेरच थांबून होतं, आत माणसं.

"मच्छीवर प्वाट त्यांचं," सासूबाई म्हणाल्या. "घाबरनारच."

"हो. म्हणून यांचं म्हणणं असं, की जहाज निघायच्या आधीच बंदरांनी सांगून ठेवावं, अमुक वेळ आली तर आम्ही घेऊ. ऐनवेळी विचारलं की भीतीने सगळे नाहीच म्हणतात. आज नियम एवढाच आहे की येणाऱ्या जहाजाने आधी सगळी माहिती कळवावी. बंदराने काय बोलावं ते धड कुठे नाही."

त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "तू सांगून ठेवलंयस?"

"काय?"

"ये म्हनून."

"सांगायला कशाला हवं? घर त्यांचंच आहे."

"त्ये जहाज पन त्या गावाचंच हुतं ना गो," एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा ओढलं.

परतीच्या मेमूत मला खिडकी मिळाली. रोह्याच्या अलीकडे निडी स्टेशनपाशी गाडी कशाला तरी थांबून राहिली. मला उगाच बसून राहायची सवय नाही, पण फोनची बॅटरीही संपली होती, तेव्हा बसले. आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप महिनाभर कुरकुरतोय. हे घरी असले की स्क्रू ड्रायव्हरचं पातं पंपाला लावतात, मूठ कानाला, डोळे मिटतात, आणि सांगतात, अमुक बेअरिंग गेलं. सेक्रेटरी मला रोज म्हणतात, वहिनी, माणूस बोलावू का? मी म्हणते, थांबा थोडं. मी, जी कंपनीत गळका व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्याशिवाय शिफ्ट संपू देत नाही. मला तो पंप दुसऱ्या कुणी ऐकायला नको होता. हे निडीच्या आधी मला स्वतःला माहीत नव्हतं.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि वायर तशीच ठेवून भिंतीशी उभी राहून मीच फोन केला. एरवी मी करत नाही, त्यांच्या बैठका असतात.

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही. या."

"कुठे?"

"घरी."

 रेंज पूर्ण होती, मी पाहिलं.

"मी त्यांना परवाच हो कळवलंय," ते म्हणाले. "तू म्हणालीस ना..."

"म्हणाले होते. आता हे म्हणतेय. नियमात दुरुस्ती झाली की नंतरची धरायची, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही आधी का नाही विचारलंत? कळवलंत. विचारलं नव्हतं."

 मला वाटलं होतं, असं काही बोलले तर माझा आवाज चिरकेल. तसं झालं नाही. कंपनीत सूचना वाचते तसाच आला. "तुम्ही राहिलात तरी मी तुटणार नाही. इतकी वर्षं कुठे तुटले? पण मला तुम्ही इथे हवे आहात. एवढं तुमच्याकडे असू दे."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. दिलेला शब्द पूर्ण मागे घेता येईना, पण त्यांनी मधला मार्ग काढला होता. बंदरांचं प्रकरण त्यांच्या हातचं आहे, ते तडीस नेतील आणि सुटतील. बाकीचं दुसरे बघतील.

"कधी होईल ते?"

"देश हो म्हणतील तेव्हा."

"किती देश?"

"सगळे," ते म्हणाले, आणि तेही हसले नाहीत.

तेव्हापासून माझ्या संसाराची तारीख, कुठला देश कुणाच्या जहाजाला आत घेतो यावर टांगलेली आहे. पूर्वी मी बातम्या लावल्या की भांडी घासून व्हायची. आता हात पुसून ऐकते. फोनवर मुलीचं सांगायच्या आधी मी विचारते, "आज कोण वळलं?" कोण अडून बसलंय, कुणाला 'आसरा द्यावा' चालतं पण 'द्यावाच' चालत नाही, हे मला तोंडपाठ आहे. त्या एका चकारासाठी त्यांची दोन सत्रं गेली. आणि गंमत म्हणजे मी त्या अडणाऱ्यांना शिव्या देऊ शकत नाही. आमच्या खाडीच्या तोंडाशी असं जहाज येऊन उभं राहिलं आणि मला विचारलं, तर मीही आधी वारा कुठला ते बघेन. घ्यायचं असेल तर नीट तयारीने घ्यावं, म्हणूनच तो 'च' हवा आणि म्हणूनच तो सहज मिळत नाही.

सासूबाईंनी ओटी मुलासाठी थांबवली नाही. मला घेऊन गेल्या, स्वतः उघाडीच्या दगडावर बसल्या आणि मला एकेक मांडायला लावलं. "दोन्ही आसरांचं एकदमच होऊन जाऊ दे," म्हणाल्या.

आता भात कापून झालाय. मोकळ्या झालेल्या शेतात दिराने वाल पेरलाय. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा सासूबाई बांधावर उभ्या होत्या.

"शेंगा भरतील तवर येल काय गो?"

मी त्यांना कधी खोटं सांगत नाही. "या शेंगांना नाही, आई."

"फुडल्या?"

आदल्याच दिवशी कळलं होतं, की एका देशाने आपली हरकत मागे घेतलीय. एकाने. बाकीचे बसलेच आहेत. तरी मी म्हटलं, "पुढच्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग मी वालाचं बी जास्तीचं ठेवतंय."

"ठेवा," मी म्हटलं.